तक्रारीची खिडकी बंद आहे: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०२५ चा सीझन, ग्राहकाच्या हिशेबाने

हे परीक्षण कुठल्याही एका संघाचं नाही. ऑगस्टअखेरपासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अमेरिकेत कॉलेज फुटबॉल नावाची जी सेवा विकली जाते, तिचं आहे. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट घालून, लांबुळक्या चेंडूने खेळतात तो. सेवा हा शब्द मुद्दाम वापरला, कारण ग्राहकाच्या खिशात हात घालायच्या जागा चार आहेत: टीव्हीची अ‍ॅप्स, तिकीट, तिकिटाआधी मागितली जाणारी ‘देणगी’, आणि मूल त्याच विद्यापीठात शिकत असेल तर बहुतेकदा फीच्या बिलातली एक ओळ.

गुण आधीच देऊन टाकतो. खेळ: पाचपैकी साडेचार. दाखवण्याची सोय: दोन. हिशेबाची पारदर्शकता: एक. तक्रार निवारण: शून्य, आणि हे शून्य रागाच्या भरात दिलेलं नाही. तक्रार घेऊन गेलात तर विद्यापीठ कॉन्फरन्सकडे (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) बोट दाखवतं, कॉन्फरन्स चॅनेलकडे, चॅनेल कराराकडे, करार न्यायालयाकडे आणि न्यायालय काँग्रेसकडे, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेकडे. तिथल्या खिडकीवर ‘लंच टाइम’ची पाटी आहे.

घरी बसून बघायचं तर

आधी कुणाचा माल कुठल्या दुकानात आहे ते. एसईसी, बिग टेन, एसीसी आणि बिग १२ ही मोठ्या कॉन्फरन्सची नावं, बाकीची चॅनेलची. एसईसीचे घरचे सामने २०२४ पासून सगळे एबीसी-ईएसपीएनच्या घरात. बिग टेनचे तीन वाटे: साधारणपणे दुपारी बाराचा फॉक्सवर, साडेतीनचा सीबीएसवर, रात्रीचा एनबीसीवर (वेळा पूर्व किनाऱ्याच्या). त्याशिवाय काही सामने फक्त पीकॉक अ‍ॅपवर आणि काही बिग टेन नेटवर्कवर. एसीसी मुख्यतः ईएसपीएनकडे, थोडे सीडब्ल्यूवर. बिग १२ ईएसपीएन आणि फॉक्समध्ये, त्यातले काही २०२५ पासून टीएनटीवर. कॉन्फरन्सबाहेरच्या नोटर डेम विद्यापीठाचे घरचे सामने १९९१ पासून एनबीसीवर. म्हणजे एकाच संघाचे बारा सामने बघायला चार-पाच दारं ठोठवावी लागतात, आणि कुठलं दार ते बऱ्याचदा सामन्याच्या १२ दिवस आधी, कधीकधी फक्त ६ दिवस आधी कळतं.

सोपा उपाय म्हणून बहुतेक लोक यूट्यूब टीव्ही घेतात. २०२५ मध्ये महिन्याला ८२.९९ डॉलर. एका ठिकाणी जवळपास सगळं मिळतं, एका वेळी चार सामने पडद्यावर लावता येतात, रेकॉर्डिंगला मर्यादा नाही. चित्र उत्तम. दोष एकच, पण तो ऐन मोसमात उघडा पडला: ३० ऑक्टोबरच्या मध्यरात्री डिस्नेबरोबरचा करार संपला आणि ईएसपीएन, एबीसी, एसईसी नेटवर्क, एसीसी नेटवर्क एका फटक्यात गायब झाले. १४ नोव्हेंबरला परत आले. मधले दोन शनिवार, १ आणि ८ नोव्हेंबर, पाण्यात. भरपाई २० डॉलर, आणि तीसुद्धा अनेकांना खात्यात जाऊन बटण दाबून मागावी लागली. ज्यांनी दाबलं नाही, ते विसरले असं धरलं गेलं.

दुसरा रस्ता सुटं घ्यायचा, तोही २०२५ च्या भावाने. ईएसपीएनचं ‘अनलिमिटेड’ अ‍ॅप २१ ऑगस्ट २०२५ ला आलं, महिन्याला २९.९९. त्याच दिवशी फॉक्स वन, १९.९९. ऑक्टोबरपासून दोन्ही मिळून ३९.९९. पीकॉक १०.९९. सीबीएसचं थेट चॅनेल हवं तर पॅरामाउंट प्लसची महागडी पायरी, १२.९९. बेरीज ६३.९७, कर वेगळा. फॉक्स वनमध्ये बिग टेन नेटवर्कबरोबर फॉक्स न्यूजही येतं. नको म्हणायची सोय नाही. आयोवाचा सामना बघायला घेतलेल्या पॅकेजमध्ये रात्रीचा राजकीय आरडाओरडा पदरात पडतो. वांग्याबरोबर देठही तोलून देतात, तसंच.

आमच्या मते खरी किफायत तिसऱ्या रस्त्यावर आहे, आणि तो रस्ता छतावर जातो. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स आणि सीडब्ल्यू ही पाचही चॅनेल हवेतून फुकट येतात. साधा अँटेना २० ते ६० डॉलरला मिळतो, एकदाच. मोठे सामने याच चॅनेलवर असतात. चित्र कमी दाबून पाठवलेलं असल्यामुळे बऱ्याचदा अ‍ॅपपेक्षा स्वच्छ दिसतं, आणि अ‍ॅप जे अर्धा मिनिट मागे चालतं ते इथे होत नाही. टचडाउनची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आधी आणि पडद्यावर नंतर, हा प्रकार बंद.

अँटेना लावताना लोक कुठे चुकतात? कागदासारखा चपटा अँटेना घेऊन टीव्हीच्या मागे चिकटवतात. तो यूएचएफ लहरी बरा पकडतो, व्हीएचएफ नाही. आणि काही शहरांत एबीसी अजून व्हीएचएफवरच आहे: न्यूयॉर्कचं चॅनेल ७ आणि फिलाडेल्फियाचं चॅनेल ६ ही ठळक उदाहरणं. मग बाकी सगळं दिसतं आणि नेमका एबीसीचा रात्रीचा सामना चौकोन चौकोन होऊन थिजतो. म्हणून आधी एफसीसीच्या (प्रसारणावर देखरेख करणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून टॉवर कुठल्या दिशेला आणि चॅनेल खऱ्या कुठल्या क्रमांकावर आहे ते बघा. व्हीएचएफ असेल तर लांब दांड्या असलेला अँटेना घ्या, खिडकीत टॉवरच्या दिशेने ठेवा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये चॅनेल पुन्हा शोधायला लावा. जागा बदलली की शोध पुन्हा. तरी अडखळलं तर लगेच अँप्लिफायर विकत घेऊ नका. टॉवर जवळ असेल तर त्याने उलट बिघडतं.

एवढं विखुरलं कशामुळे

याचं उत्तर १९८४ च्या एका निकालात आहे. त्याआधी एनसीएए ही शिखर संस्था सगळ्यांचे टीव्हीहक्क एकत्र विकायची आणि एका संघाला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा दाखवू द्यायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की ही मक्तेदारी आहे, १८९० च्या शर्मन कायद्यात बसत नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडोचे गाजलेले कॉलेज फुटबॉलपटू होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हा निव्वळ धंदा नाही, शिक्षणाचा भाग आहे. ते हरले. तिथून प्रत्येक कॉन्फरन्स आपापला माल घेऊन बाजारात बसली.

व्यावसायिक लीगना मात्र एकत्र विकायला १९६१ च्या क्रीडा प्रसारण कायद्याने सूट दिली. त्याच कायद्यात एक गमतीचं कलम आहे: सप्टेंबरचा दुसरा शुक्रवार ते डिसेंबरचा दुसरा शनिवार या काळात एनएफएलने (व्यावसायिक फुटबॉलची लीग) शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सामने दाखवले तर ती सूट जाते. एनएफएलचे शनिवारचे सामने डिसेंबरच्या मध्यानंतरच का उगवतात, ते यातून कळतं. म्हणजे काँग्रेसने शनिवार कॉलेजांसाठी राखून दिला, पण तो एकत्र विकायची परवानगी दिली नाही. वर्ग राखून ठेवला आणि फळा द्यायचा राहून गेला.

त्यानंतरचं सगळं ओघाने आलं. लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठं ३० जून २०२२ ला बिग टेनकडे निघाली. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनचा सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा टीव्हीकरार जाहीर झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची जुनी, पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स पॅक-१२ मोडली आणि ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट मागे राहिले. आता बिग टेनमध्ये १८ संघ, बिग १२ मध्ये १६, आणि अटलांटिक कोस्टच्या कॉन्फरन्समध्ये कॅलिफोर्नियाची दोन विद्यापीठं. दहा म्हणायचे आणि अठरा मोजायचे. फुटबॉल संघ विशेष विमानाने जातो, त्याला वर्षातून चार-पाचदा जायचं असतं. फुटबॉलच्या करारापायी व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलीही लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला ये-जा करतात, सोमवारी पेपर असला तरी.

जाहिराती, आणि त्यांतल्या नकोशा

खेळाचं घड्याळ ६० मिनिटांचं, कार्यक्रम साडेतीन तासांच्या आसपास. २०२३ मध्ये नियम बदलला: फर्स्ट डाउन (दहा यार्डांचा टप्पा पार) झाल्यावर घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. कारण दिलं खेळाडूंवरचा ताण कमी करायचं. खेळ कमी झाला, जाहिराती तेवढ्याच राहिल्या. २०२४ मध्ये भर म्हणून दोन मिनिटं उरली असताना एक सक्तीची विश्रांती आली. ती कशाने भरते हे सांगायला नको.

निवडणुकीच्या वर्षी यावर फोडणी पडते. सम वर्षातल्या शरद ऋतूत सामना बघताना उमेदवार एकमेकांना चोर म्हणत का असतात, आणि चॅनेल ते थांबवत का नाही? कारण थांबवता येत नाही. १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार केंद्रीय पदाच्या उमेदवाराला प्रसारण केंद्राने रास्त वेळ द्यावाच लागतो आणि उमेदवाराच्या जाहिरातीतला मजकूर कापता येत नाही, खोटा असला तरी. शिवाय सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत त्याला त्या वर्गातला सगळ्यात स्वस्त दर लावावा लागतो. २०२६ ची मध्यावधी निवडणूक ३ नोव्हेंबरला आहे. साठ दिवस मागे मोजा: ४ सप्टेंबर. पहिला भरगच्च शनिवार ५ सप्टेंबर. इतकी अचूक गाठ ठरवूनसुद्धा पडली नसती. (स्वस्त दर उमेदवाराला, सुपर पॅकना, म्हणजे उमेदवाराबाहेर राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या गटांना, नाही. ते वाटेल तो भाव देतात, म्हणून केंद्रांची त्याबद्दल तक्रार नसते.)

पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जिया अशा काठावरच्या राज्यात राहत असाल तर अँटेनाची ही एक किंमत धरा. हा कायदा मुख्यतः प्रसारण केंद्रांना लागू, त्यामुळे त्यांच्या वाट्याच्या ब्रेकमध्ये हा मारा सगळ्यात जास्त असतो. उपाय बाळबोध आहे: सामना ४० मिनिटं उशिरा रेकॉर्डिंगवरून सुरू करा आणि ब्रेक पळवा. चौथ्या क्वार्टरपर्यंत थेट प्रक्षेपण गाठता.

मैदानावर

मोठ्या विद्यापीठात सीझन तिकीट नुसतं मिळत नाही. आधी बूस्टर क्लबला (संघासाठी पैसे उभारणाऱ्या चाहत्यांची संस्था) देणगी, मग खुर्ची विकत घेण्याचा हक्क, मग तिकीट. २०१७ पर्यंत त्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर आयकरात वजावट मिळायची. त्या वर्षीच्या करकायद्याने ती पूर्ण बंद केली. अजूनही काही लोक पावती सांभाळून ठेवतात आणि एप्रिलमध्ये हिरमुसतात. खुर्चीच्या हक्काशी बांधलेली रक्कम असेल तर वजावट शून्य. कशाच्याही बदल्यात नसलेली देणगी असेल तरच वेगळं.

पैसे भरण्याआधी तिकीट कार्यालयाला तीन गोष्टी लेखी विचारा: देणगी खुर्चीमागे की खात्यामागे, दरवर्षी की एकदा, आणि एक वर्ष सोडलं तर आधीचे गुण (देणगीवर साठणारे, खुर्चीच्या रांगेतला क्रम ठरवणारे) टिकतात की जातात. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तिथेच अडकतात: गुण जाण्याच्या भीतीने नको असलेलं तिकीट वर्षानुवर्षं घेत राहतात.

टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या सीझन तिकिटावर १० टक्के ‘टॅलेंट फी’ लावली, म्हणजे खेळाडूंना द्यायच्या पैशाचा वाटा थेट ग्राहकाकडून. यावर ओरड झाली. आम्हाला मात्र ही ओळ त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते; बाकीचे तेच पैसे पार्किंगमध्ये मिसळतात.

सुट्या तिकिटांच्या बाबतीत वॉशिंग्टनने एक काम केलं, ते कबूल करायला हवं. एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी आयोगाच्या नियमानुसार १२ मे २०२५ पासून तिकीट विकणाऱ्याला सगळे आकार धरून एकूण किंमत आधीच दाखवावी लागते. ६० चं तिकीट शेवटच्या पानावर ८४ होण्याचा प्रकार त्यामुळे अडतो. भाव उतरले नाहीत. तुलना करता येते, एवढंच.

पारदर्शक पिशवीचा नियम बहुतेक ठिकाणी १२ बाय ६ बाय १२ इंच. नेहमीची पर्स परत गाडीत ठेवायला जावं लागतं आणि पहिला क्वार्टर जातो.

माल रोज बदलतो

जर्सीवर नाव बघून खेळाडू लक्षात ठेवायची सवय असेल तर सोडा. २०२१ च्या जून-जुलैत दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या: खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या मर्यादेबद्दलच्या अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालय ९-० ने एनसीएएच्या विरोधात गेलं, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा वापरू देऊन पैसे कमवायची मोकळीक मिळाली, ती एनआयएल. २०२४ पासून एका विद्यापीठातून दुसरीकडे कितीही वेळा जाता येतं, वर्ष वाया न घालवता. या सीझननंतरची जाण्याची खिडकी २ ते १६ जानेवारी २०२६ अशी एकच ठेवली, वसंतातली काढून टाकली. सुधारणा आहे, पण अंतिम सामना १९ जानेवारीला. घर चालू असताना घरातलं सामान विकायला काढल्यासारखं.

६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस (ग्रँट हाउस या जलतरणपटूच्या नावाच्या) खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि यापुढे विद्यापीठ स्वतः खेळाडूंना पैसे देणार, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २०.५ दशलक्ष. शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा गेली, संघाच्या आकारावर आली: फुटबॉलमध्ये १०५. यात मार बसला तो स्वखर्चाने सरावाला येणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलांना. कोट्यवधींच्या तडजोडीत सगळ्यात आधी बाहेर पडला तो फुकट खेळणारा.

बाहेरच्या कंपनीशी होणारे करार तपासायला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी संस्था आणि तिचं डेलॉइट या सल्लागार कंपनीने बांधलेलं ‘एनआयएल गो’ हे पोर्टल. ही सेवा थोडी तपशिलात बघू, कारण काही मराठी घरांतली मुलं आता टेनिस, गोल्फ, पोहणं यांत डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज क्रीडेच्या सगळ्यात वरच्या पातळीला, पोचली आहेत आणि नियम सगळ्या खेळांना तोच आहे.

६०० डॉलर किंवा जास्तीचा प्रत्येक करार सही झाल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत टाकायचा. छोटे छोटे तुकडे करून ६०० च्या खाली ठेवले तरी एकाच कंपनीचे असतील तर बेरीज धरतात. तपासणी तीन अंगांनी: पैसे देणारा विद्यापीठाशी ‘संबंधित’ आहे का (बूस्टर वगैरे), व्यवहाराला खरा धंद्याचा हेतू आहे का, आणि रक्कम त्या तऱ्हेच्या कामाच्या भावात बसते का. निकाल मंजूर, नामंजूर किंवा आणखी चौकशी. नामंजूर झाला तर बदलून पुन्हा टाका, सोडून द्या किंवा लवादाकडे जा.

कुठे अडकतं? बहुतेकदा कराराच्या ढिसाळ भाषेत. ‘खेळाडू कंपनीचा प्रचार करेल’ एवढंच लिहिलं तर प्रश्न येणारच. काय करायचं (दोन पोस्ट, एक तासाचं दुकानातलं स्वाक्षरी-सत्र), कुठल्या तारखेला, त्याचे किती, फोटो किती महिने वापरणार, हे लिहा. नाव पुढे कधीतरी वापरू म्हणून आज हक्क विकत घेऊन ठेवणं चालत नाही. दुसरी अडचण पोर्टलचीच: ‘वाजवी भाव’ म्हणजे काय हे ठरवणारा बाजारच जुना नाही. नियमही हलतात. १० जुलैला सांगितलं की खेळाडूंसाठी पैसे गोळा करणाऱ्या ‘कलेक्टिव्ह’चे करार धंद्याच्या हेतूत बसत नाहीत, वकिलांशी वाटाघाटी होऊन ३१ जुलैला तीच भूमिका सैल केली. तीन आठवडे. त्या मधल्या काळात करार टाकलेल्यांनी काय करायचं?

कर विसरू नका. हे पैसे पगार नाहीत, कुणी कापून घेत नाही. निव्वळ कमाई वर्षाला ४०० च्या वर गेली की १५.३ टक्के स्वयंरोजगार कर, वर आयकर. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला हप्ता. आलेल्या प्रत्येक चेकचा तीस टक्के वाटा वेगळ्या खात्यात टाकला की धावपळ होत नाही.

आणि व्हिसा. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) आलेल्या किंवा एच-४ वर (एच-१बीवरच्या पालकांमुळे मिळणारा व्हिसा) वाढलेल्या मुलाला अमेरिकेत काम करून मोबदला घेता येत नाही, आणि जाहिरातीचं शूटिंग हे कामच. शेजारचा मुलगा त्याच संघात, त्याच टूथपेस्टची पोस्ट टाकून दोन हजार कमावतो आणि याने टाकली तर इमिग्रेशनच्या फाइलला डाग. कॉलेजचा कंप्लायन्स अधिकारी ‘चालेल’ म्हणाला तरी आधी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या. तो अधिकारी एनसीएएचे नियम जाणतो, यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याचे नाही.

प्रशिक्षकांच्या बाजूला कसलीच मर्यादा नाही. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरना काढलं तेव्हा उरलेल्या कराराचं देणं ७५ दशलक्ष डॉलरच्या वर होतं, आणि दुसरी नोकरी मिळाली तरी त्यातून वजा होणार नव्हतं. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनना काढलं, देणं सुमारे ४९ दशलक्ष. करारात दुसरी नोकरी शोधण्याचं कलम होतं, ते व्हर्जिनिया टेकला गेले आणि देणं ९ दशलक्षांवर आलं. एका कलमाची किंमत ४० दशलक्ष. एलएसयूने (लुइझियानाचं सरकारी विद्यापीठ) त्याच महिन्यात ब्रायन केलींना काढलं, सुमारे ५४ दशलक्ष, आणि पुढचा प्रशिक्षक कोण निवडणार यावर लुइझियानाच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत मत दिलं. राज्यात शाळा, रस्ते, पूर हे विषय असताना. मतदार मात्र याच विषयावर जागा होतो, हे गव्हर्नरांना ठाऊक असतं.

खिडकीपाशी

हे सगळं टिकायला कुणीतरी म्हणायला हवं की असे नियम करणं म्हणजे मक्तेदारी नव्हे. नाहीतर एखाद्या राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल न्यायालयात जातो आणि नियम पडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत टेनेसी आणि व्हर्जिनियाने एनसीएएचा एनआयएलचा नियम असाच स्थगित करून घेतला. नियमांना असं संरक्षण देण्याचा अधिकार काँग्रेसचा. तिच्यासमोर २०२५ मध्ये दोन कागद आले. हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, जुलैत स्कोअर कायदा: एनसीएएला संरक्षण, खेळाडू नोकर नाहीत, राज्यांचे कायदे बाजूला. सिनेटमध्ये सप्टेंबरअखेर मारिया कँटवेल यांचा सेफ कायदा: १९६१ चा कायदा बदलून कॉलेजांना टीव्हीहक्क एकत्र विकू द्या. पहिला मुख्यतः रिपब्लिकनांचा, दुसरा डेमोक्रॅटांचा. ग्राहकाला दोन्हींतलं अर्धं अर्धं उपयोगाचं आहे, आणि सिनेटमध्ये ६० मतांशिवाय काही पुढे जात नाही, म्हणजे अर्धं अर्धं घेतल्याशिवाय इलाज नाही. तेवढंच कुणी करत नाही.

१ ऑक्टोबरला खर्चाची मंजुरी अडल्याने केंद्र सरकार बंद पडलं, ते १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस. हाउसने त्या काळात शेवटच्या दिवसापर्यंत एकही मतदान घेतलं नाही. सीझनचा मोठा भाग त्यात गेला. ३ डिसेंबरला स्कोअर कायदा अखेर मतदानाला येणार होता, मतं जमेनात म्हणून त्याच दिवशी मागे घेतला. राष्ट्राध्यक्षांनी २४ जुलैला काढलेला ‘कॉलेज क्रीडा वाचवा’ हा आदेश आहे, पण आदेशाने शर्मन कायदा बदलत नाही. फोटो चांगला आला.

सिनेटमध्ये ऑबर्न विद्यापीठाचे एक माजी फुटबॉल प्रशिक्षकही आहेत, टॉमी ट्यूबरविल. विषय न कळल्यामुळे अडलंय असं म्हणायलाही जागा नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर

ईएसपीएनची वार्षिक वर्गणी (२९९.९९) घेऊ नका. ऑगस्टअखेर ते जानेवारीअखेर पाच महिने सुटे घेतले तर १४९.९५. फॉक्स वन आणि पीकॉक सप्टेंबर ते नोव्हेंबर तीनच महिने: ५९.९७ आणि ३२.९७. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कॉन्फरन्सचे अंतिम सामने झाले की प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदाची बाद फेरी; २०२५ च्या सीझनचा तो ईएसपीएन-एबीसीकडे होता, फक्त पहिल्या फेरीतले दोन सामने टीएनटीवर. अँटेना धरून नाही, पण बाकीची बेरीज २४२.८९. यूट्यूब टीव्हीचे तेच पाच महिने ४१४.९५. दर वर्षी किमती वाढतात, तेव्हा २०२६ साठी हीच आकडेमोड नव्या भावाने करा. गणित बदलेल, क्रम बहुधा नाही.

वर्गणी घेतानाच रद्द करण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरवर टाका, नूतनीकरणाच्या दोन दिवस आधीची. आणि ती जिथून घेतली तिथूनच रद्द होते: रोकू, अ‍ॅपल किंवा अ‍ॅमेझॉनच्या डब्यातून घेतली असेल तर चॅनेलच्या संकेतस्थळावर रद्द करायचं बटण सापडणारच नाही.